बेळगावची ३०१ नावांची मतपत्रिका

५ मार्च १९८५ रोजी कर्नाटक विधानसभेसाठी मतदान झाले, तेव्हा बेळगाव शहराच्या एका जागेसाठी ३०१ उमेदवार रिंगणात होते. सर्वांत मोठी मतपत्रिका म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. लांब नखे आणि लांब मिश्या यांच्या पंगतीला बसलेली ही नोंद पुढे प्रश्नमंजूषेपुरती उरली. निवडणुकीच्या इतिहासात तिचे स्थान काय, हे ठरवायचे तर कागद लावून पाहावे लागतात.

कागद फार नाहीत. खुद्द मतपत्रिका मिळण्याची आशा सोडूनच द्यावी. निवडणूक संचालन नियम, १९६१ प्रमाणे वापरलेल्या मतपत्रिका सीलबंद करून ठरावीक मुदतीपर्यंत ठेवतात आणि वेगळा आदेश नसेल तर नंतर नष्ट करतात. राहतो तो निवडणूक आयोगाचा सांख्यिकी अहवाल, लोकप्रतिनिधित्व कायद्याचा त्या वेळचा मजकूर, त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. एवढ्या सामग्रीवर ३०१ माणसांची गोष्ट पुरी होत नाही. पण अंदाज केला जातो त्यापेक्षा बरीच पुढे जाते.

अहवालापासून सुरुवात करू. प्रत्येक मतदारसंघाखाली उमेदवाराचे नाव, स्त्री की पुरुष, पक्ष, मिळालेली मते आणि टक्केवारी. ज्याला पक्ष नाही त्याच्यापुढे ‘अपक्ष’ या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे. बेळगावच्या यादीत बहुतेक सगळ्या नावांपुढे तीच अक्षरे आहेत. माणूस का उभा राहिला, कोणी उभा केला, अर्जाचे पैसे कोणी भरले, यांसाठी रकाना नाही.

पैशांची गोष्ट मात्र कायद्यातून कळते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने विधानसभेच्या उमेदवाराची अनामत २५० रुपये ठरवली होती. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी. चौतीस वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, अनामत तिथेच राहिली. १९५२ साली २५० रुपये ही नोकरदाराला विचार करायला लावणारी रक्कम होती. १९८५ साली तिचा तेवढा धाक उरला नव्हता. सर्वसाधारण दराने धरले तर बेळगावातल्या ३०१ जणांनी मिळून भरलेली रक्कम जास्तीत जास्त ७५,२५० रुपये होते.

ती परत किती जणांना मिळाली? अनामत वाचवायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळवावी लागतात. एक षष्ठांशाहून जास्त मते एका मतदारसंघात पाचपेक्षा अधिक उमेदवारांना मिळूच शकत नाहीत. म्हणजे बेळगावात कमीत कमी २९६ अनामती जप्त झाल्या. हे सांगायला निकालाचा तक्ता उघडावा लागत नाही, गणित पुरते. आणि हे गणित अर्ज भरणाऱ्यांनाही कळत होते. जिंकण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाचे डिपॉझिट जाते तेव्हा त्याची फजिती होते. २९६ जणांचे एका झटक्यात जाते तेव्हा ते त्यांनी आधीच गेले असे धरलेले असते.

कायद्याने उमेदवाराला आणखीही काही दिले होते. प्रत्येक मतदान केंद्रावर आपला एक प्रतिनिधी बसवायचा हक्क प्रत्येक उमेदवाराला होता. सगळ्यांनी तो बजावला असता तर एकेका खोलीत ३०१ माणसे बसवावी लागली असती. निकालानंतर प्रत्येकाने खर्चाचा हिशेब द्यायचा होता. त्या काळी मतपत्रिकेवरची नावे सरळ वर्णानुक्रमाने लावत. मोठ्या पक्षाचा उमेदवार आणि हौसेने अर्ज भरलेला उमेदवार एकाच रांगेत. मतदाराला आपले चिन्ह त्या गर्दीतून हुडकावे लागे. सर्वांत नाजूक कलम होते ५२ वे. अर्ज वैध ठरल्यावर आणि मतदानाआधी कोणताही उमेदवार वारला, तर त्या मतदारसंघातले मतदान रद्द करून पुन्हा घ्यायचे. अर्ज मागे घेण्याची मुदत आणि मतदान यांच्यात तेव्हा किमान वीस दिवसांचे अंतर असे. तेव्हा ३०१ जणांनी वीस दिवस धडधाकट राहावे, ही त्या वेळी निवडणूक यंत्रणेचीच निकड होती.

आता शहराकडे येऊ. राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला. मराठी सीमाभाग महाराष्ट्रात आणू पाहणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे राजकारण या एका तारखेभोवती उभे आहे. १९६६ साली या सीमावादावर माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याने अहवाल दिला, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले आणि महाराष्ट्राने अहवाल नाकारला. त्यानंतर सीमाभागातल्या मराठी मतदाराकडे आपले म्हणणे मोजून दाखवायचे एकच ठिकाण उरले, मतपेटी. दर निवडणुकीत समितीचा उमेदवार निवडून आणणे हे तिथे आमदार पाठवण्याइतकेच सार्वमत नोंदवण्याचे काम होते.

या कामाची नोंद सरकारी कागदांत कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. १९६२ च्या म्हैसूर विधानसभेच्या अहवालात समितीचे नाव पक्षांच्या यादीत आहे आणि तिच्यापुढे सहा जागा आहेत. १९८५ च्या अहवालात बेळगावचे विजयी उमेदवार राजाभाऊ शंकरराव माने यांच्या नावापुढे ‘अपक्ष’. माने समितीचे होते हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार. पण मान्यता, नोंदणी आणि राखीव चिन्ह यांचे नियम ज्या संघटनेला लागू होत नाहीत, तिचा माणूस अहवालाच्या लेखी एकटा. नुसत्या अहवालावर विसंबून कोणी उद्या प्रबंध लिहिला, तर सीमाभागात अपक्षांची लाट आली होती असा निष्कर्ष काढून मोकळा होईल.

योगायोग असा की बेळगावच्या मतदानाच्याच आठवड्यात ‘अपक्ष’ या शब्दाला घटनेत नवा अर्थ आला. पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती १ मार्च १९८५ रोजी अमलात आली आणि चार दिवसांनी बेळगावात मतदान झाले. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर कोणत्याही राजकीय पक्षात गेला, तर त्याचे सदस्यत्व जाते. पक्षाच्या आमदारांना तेव्हा एक तृतीयांश जमवून फुटण्याची वाट ठेवलेली होती. अपक्षाला तीही नाही. नियुक्त सदस्यालासुद्धा पक्ष निवडायला सहा महिने मिळतात, अपक्षाला एक दिवस मिळत नाही. १९८५ साली निवडून आलेले अपक्ष हे या नियमाखाली आलेले अगदी पहिल्या तुकडीतले लोक होते.

मग बाकीचे तीनशे कोण? त्यांच्यात हौसे, नवसे, गवसे असणारच; तसे ते प्रत्येक निवडणुकीत असतात. पण नेहमीच्या हौशांनी एका शहरात आकडा तीनशेवर जात नाही. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी लोकसभेतल्या पराभवानंतर राजीनामा देऊन घेतलेली ही निवडणूक. राज्यभर चुरस होती आणि जनता पक्षाने २२४ पैकी १३९ जागा जिंकल्या. त्या राज्यव्यापी लढतीचा बेळगावच्या गर्दीशी संबंध लागत नाही. त्या गर्दीवर प्रकाश पडतो तो अकरा वर्षांनंतरच्या घटनेवरून. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत समितीने सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांना मोठ्या संख्येने अर्ज भरायला सांगितले आणि बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. तिथे हेतू जाहीर होता. १९८५ ची मतपत्रिका ही त्याची रंगीत तालीम होती, असे मला वाटते. हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते इथे ठेवतो.

१९९६ साली बेळगाव एकटे नव्हते. आंध्र प्रदेशात नळगोंड्याच्या लोकांनी फ्लोराइडयुक्त पाण्याने हाडे वाकलेल्या गावांची कैफियत मांडण्यासाठी लोकसभेला अर्ज भरले. तिथे ४८० उमेदवार झाले. आणि तामिळनाडूत इरोडजवळच्या मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांनी कमाल केली. दिलेली आश्वासने सरकारे पाळत नाहीत म्हणून ते रिंगणात उतरले आणि अंतिम यादीत १,०३३ नावे आली. मतपत्रिकेची पुस्तिका काढावी लागली. मतदान महिनाभर पुढे ढकलावे लागले. विधानसभेच्या एका जागेसाठी इतके उमेदवार त्याआधी किंवा त्यानंतर कुठेही झालेले नाहीत.

मोडकुरिचीच्या निकालात एक आकडा आहे, त्यापाशी थोडे थांबायला हवे. ८८ उमेदवारांना शून्य मते मिळाली. वर्तमानपत्रांना हा आकडा हसण्यासाठी पुरला. स्वतःलाही मत दिले नाही, असे म्हणून विषय संपतो. कायदा समोर ठेवला तर तो तसा संपत नाही. विधानसभेच्या उमेदवाराने त्याच मतदारसंघाचा मतदार असले पाहिजे असे नाही. राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असले की चालते. त्यामुळे शून्य मते मिळवणारा माणूस दुसरीकडचा मतदार असू शकतो. पण अर्जावर सूचक म्हणून जो सही करतो, तो मात्र त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. १९९६ पर्यंत एक सूचक पुरे होता. म्हणजे त्या ८८ अर्जांपैकी प्रत्येकावर मोडकुरिचीच्याच एका मतदाराची सही होती आणि मतदानाच्या दिवशी त्या सूचकाचेही मत उमेदवाराला पडले नाही. ते बाद झाले, दिलेच गेले नाही किंवा दुसऱ्याला गेले. ८८ ठिकाणी हे एकदमच घडले असेल तर तिसरी शक्यता सर्वांत मोठी. अर्ज एका कारणासाठी भरला, मत दुसऱ्या कारणासाठी दिले. अर्ज हे दिल्ली-मद्रासला पाठवलेले निवेदन होते. आमदार कोण व्हावा हा प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांनी नेहमीच्या पद्धतीने सोडवला. द्रमुकच्या सुब्बुलक्ष्मी जगदीशन १,०३२ प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून आरामात निवडून आल्या. नळगोंड्यात भाकपचे धर्मभिक्षम, बेळगावात जनता दलाचे शिवानंद कौजलगी. तिन्ही ठिकाणी मोठ्या पक्षाचाच माणूस आला.

बेळगावच्या १९८५ आणि १९९६ मधला फरक इथे दिसतो. १९८५ ला गर्दीतून समितीचा माणूस निवडून आला. १९९६ ला गर्दी झाली, जागा नाही मिळाली. लोकसभेचा मतदारसंघ मोठा, त्यात मराठी मते बहुसंख्य नव्हती, हे कारण आहेच. पण ज्या मतपत्रिकेवर साडेचारशे नावे आहेत तिच्यावर आपला खरा उमेदवार मतदाराला सापडायलाही हवा.

सरकारने या सगळ्यातून जो धडा घेतला तो १९९६ च्या २१ क्रमांकाच्या दुरुस्ती कायद्यात आहे. १ ऑगस्ट १९९६ पासून तो अमलात आला. त्याआधीच्या लोकसभा निवडणुकीत देशभर १३,९५२ उमेदवार होते, त्यांत साडेदहा हजारांहून अधिक अपक्ष, आणि निवडून आलेले अपक्ष नऊ. दुरुस्तीने विधानसभेची अनामत २५० वरून ५,००० आणि लोकसभेची ५०० वरून १०,००० केली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरे, इतरांना दहा. प्रचाराचा काळ वीस दिवसांवरून चौदावर आला. एकाला दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून उभे राहता येईना. मतपत्रिकेवरचा सरसकट वर्णानुक्रमही गेला: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि तळाशी अपक्ष. ५२ व्या कलमाची वाट त्याआधीच, १९९२ साली, बंद झाली होती. अपक्षाच्या मृत्यूने मतदान रद्द होणार नाही, फक्त मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराच्या मृत्यूने होईल. रमाकांत पांडे खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद वैध ठरवला. त्या दुरुस्तीला अतिरेकी हिंसेची पार्श्वभूमी होती. निवडणूक उधळायची तर एखाद्या दुर्लक्षित अपक्षाला ठार मारणे हा सोपा मार्ग झाला होता. कारण समजण्याजोगे आहे. तरी कायद्याच्या पुस्तकात अपक्षाच्या जिवाची किंमत उतरली ती तेव्हापासून, हेही खरे.

परिणाम लगेच दिसला. १९९८ च्या लोकसभेला एकूण उमेदवार ४,७५० झाले. मतपत्रिका पुन्हा माणसाच्या हातात मावू लागली. २०१० पासून अनामत विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,००० झाली. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात तर अपक्षांना उभे राहूच देऊ नये अशी शिफारस केली. ती अजून कोणी स्वीकारलेली नाही.

संख्येचा हा बंदोबस्त यशस्वी झाला असे म्हणावे, तर २०१९ चे तेलंगणातले निजामाबाद आडवे येते. हळद आणि लाल ज्वारीला भाव मिळेना म्हणून तिथल्या १७८ शेतकऱ्यांनी लोकसभेला अर्ज भरले. एकूण उमेदवार १८५. दहा-दहा सूचक म्हटले तर १,७८० सह्या. सर्वसाधारण दराने अनामत ४४ लाख ५० हजार रुपये. त्यांनी दोन्ही जमवले. आयोगाला प्रत्येक केंद्रावर बारा-बारा मतदान युनिटे जोडावी लागली. आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या कन्या कविता तिथे पडल्या. २०२४ च्या लोकसभेआधी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावागावांतून उमेदवार उभे करण्याची भाषा झाली, तेव्हाही प्रशासनाला पहिली आठवण झाली ती यंत्राच्या मर्यादेची. नव्या यंत्राला जास्तीत जास्त चोवीस युनिटे जोडता येतात, ‘वरीलपैकी कोणी नाही’ धरून ३८४ बटणे. त्यापुढे पुन्हा कागद.

ज्यांच्यामागे संघटना आहे त्यांना दहा सह्या म्हणजे एका वाड्यातले काम आणि दहा हजार म्हणजे वर्गणी. १९९६ चा कायदा त्यांना पाहून केला आणि तो त्यांनाच अडवत नाही. तो अडवतो एकट्याला. ज्याला कोणत्या पक्षाशी, समितीशी, संघाशी देणेघेणे नाही, गटारीच्या नाहीतर शाळेच्या प्रश्नावर जो खरोखरच स्वतःच्या भरवशावर उभा राहतो, त्याच्या अर्जावर नऊ सह्या वाढल्या आणि त्याचे नाव मतपत्रिकेच्या तळाशी गेले. दहापैकी एका सूचकाची सही छाननीत संशयास्पद ठरली तरी त्याचा अर्ज गेला. सुक्याबरोबर ओलेही जळाले. अनामत वाढवणे मला गैर वाटत नाही. २५० रुपयांना १९९६ साली काही अर्थ उरला नव्हता. सूचकांच्या संख्येत पक्षवाला आणि बिनपक्षवाला असा भेद करणे मात्र गैर वाटते. गंभीर उमेदवार ओळखायचा तर कस सगळ्यांना एकच लावायला हवा होता.

दुसरी एक गफलत आपल्याकडच्या अभ्यासकांची. १९९५ साली महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष आले. युतीच्या १३८ जागांना त्यांच्यातल्या अनेकांचा टेकू मिळाला आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. त्यांतले कितीतरी उमेदवारी नाकारली म्हणून बाहेर पडलेले काँग्रेसचे बंडखोर होते. त्यांच्या नावापुढे जी तीन अक्षरे, तीच बेळगावच्या मान्यांपुढे, तीच मोडकुरिचीच्या शून्य मतांच्या शेतकऱ्यापुढे. बंडखोर, समितीचा प्रतिनिधी, निवेदन म्हणून अर्ज भरणारा आणि खराखुरा एकटा हे चौघे अहवालात एकाच ओळखीने वावरतात. अपक्षांची संख्या वाढली की घटली, यावर आलेख काढणाऱ्याने आधी या चौघांना वेगळे बसवावे.

ते वेगळे बसवायला सरकारी कागद पुरत नाहीत. बेळगाव शहर हा मतदारसंघसुद्धा आता नकाशावर नाही. २००८ पासून तिथे उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण आहेत. पण १९८५ साली तिशीत असलेली माणसे आज सत्तरीत आहेत. ज्यांनी १९८५ ला किंवा १९९६ ला बेळगावात अर्ज भरला, सूचक म्हणून सही केली, मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसले किंवा मोजणीला गेले, त्यांच्या घरी अनामतीची पावती, चिन्ह मिळाल्याचे पत्र, नमुना मतपत्रिका, हँडबिल असे काही असेल तर ते वाळवीच्या तोंडी जाण्याआधी गावातल्या वाचनालयाकडे द्यावे. मूळ द्यायचे नसेल तर स्कॅन करून द्यावे. आणि सोबत एका कोऱ्या कागदावर आपले नाव, गल्ली आणि अर्ज कोणाच्या सांगण्यावरून भरला, पैसे कोणी दिले, मत शेवटी कोणाला टाकले, एवढे चार ओळींत लिहून खाली तारीख घालावी.